नऊ एकांचा वर्ग : एका सतरा अंकी संख्येचा परिचय



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना अवडंबर नावडते होते. फळ्यावर एक उदाहरण लिहावे आणि तास संपेपर्यंत त्याच उदाहरणाची निरनिराळ्या अंगांनी उलटतपासणी करावी, ही त्यांची रीत. तीच रीत मी आज उसनी घेतो. विषय म्हणून मी एखादी ज्ञानशाखा निवडलेली नाही, एकच संख्या निवडलेली आहे. ती अशी :

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंक. एकपासून नऊपर्यंत चढण, नऊपासून एकपर्यंत उतरण. मराठी मुलाने डावीकडून वाचावी, नाहीतर उजवीकडून, कन्नड अंकांत लिहावी, नाहीतर देवनागरी, आकृती तीच. आपल्या आजच्या व्यवहारात एवढ्या मोठ्या संख्येला नाव देणे अवघड जाते. 'लक्ष कोटी' यापुढे वर्तमानपत्रेही जात नाहीत. परंतु भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती'त दशमान स्थानांची जी नावे दिली आहेत, त्यांत ही संख्या अगदी सुखाने बसते. एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद. आणि येथून उतरण : आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. भास्कराचार्यांची यादी अठरा स्थानांची आहे. अठरावे स्थान परार्ध. आपली संख्या त्याच्या एकच पायरी अलीकडे थांबते. (भास्कराचार्य विजापूरचे की चाळीसगावजवळच्या पाटणचे, हा वाद आपल्या सीमाभागात मोठ्या चवीने रंगतो. आज त्यात शिरत नाही.)

आकाराची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगतो की, इतके सेकंद मोजायचे तर सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील.

आता ही संख्या येते कोठून? नऊ वेळा एक लिहावा, १११११११११, आणि त्या संख्येला तिनेच गुणावे. गुणाकार ही संख्या. लहान रूपे पुष्कळांनी शाळेत पाहिली असतील :

११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

येथे पुष्कळ पुस्तके 'काय ही गंमत!' असे म्हणून थांबतात. आपण थांबू नये. १११ ला १११ ने गुणताना आपण १११ हीच ओळ तीनदा मांडतो, मात्र दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग उभ्या रकान्यांत किती एक आले, एवढेच मोजायचे उरते. अगदी उजव्या रकान्यात एक, त्याच्या डावीकडे दोन, मधल्यात तीन, पुढे पुन्हा दोन आणि शेवटी एक. नऊ एक घेतले तर रकान्यांत अनुक्रमे एक, दोन, तीन असे नऊपर्यंत चढत जाणारे आणि मग उतरणारे एक साचतात. म्हणजे ही संख्या कोणी योजून तयार केलेली नाही. ती रकान्यांची नोंदवही आहे. नऊपर्यंत कोणत्याही रकान्याची बेरीज एका अंकात मावते, हातचा येत नाही, म्हणून नोंद स्वच्छ दिसते.

ही स्वच्छता केव्हा बिघडते, ते पुढे पाहू. त्याआधी इतिहासाकडे थोडे वळतो. कारण हा इतिहास आपल्या अंगणातला आहे.

इसवी सनाच्या नवव्या शतकात, सुमारे ८५० मध्ये, महावीराचार्य नावाच्या जैन गणितज्ञांनी 'गणितसारसंग्रह' हा संस्कृत ग्रंथ रचला. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग यांचा त्यांना आश्रय होता. राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. या ग्रंथाचे संपादन व इंग्रजी भाषांतर एम. रंगाचार्य यांनी १९१२ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे बाहेरच्या जगाला त्याची नीट ओळख झाली. त्यात गुणाकाराची काही उदाहरणे अशी घातली आहेत की, उत्तर गळ्यातील माळेसारखे, दोन्ही बाजूंनी सारखे यावे. अशा उत्तरांना महावीराचार्य कंठिका म्हणतात. त्यांतील एक उदाहरण २७९९४६८१ ला ४४१ ने गुणण्याचे आहे. उत्तर येते १२३४५६५४३२१. आपल्या संख्येची धाकटी बहीण, सहापर्यंत चढून उतरणारी. तिचे वर्णनही ते अंक वाचून न दाखवता, एकपासून सहापर्यंत जाऊन पुन्हा क्रमाने उतरणारी, अशा अर्थाच्या शब्दांत करतात.

हे उदाहरण त्यांनी कसे रचले असेल? आकडे न्याहाळले की वाट दिसते. ४४१ म्हणजे २१ चा वर्ग. २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग. आणि २१ × ५२९१ = १११११११ नव्हे, १११११११ ला एक कमी, म्हणजे सहा एक : १११११११ ऐवजी ११११११. विद्यार्थ्यांनी एक मोजून पाहावेत. अशा ठिकाणी डोळा फसतो. तेव्हा सहा एकांचा वर्ग दोन वर्गांत फोडून त्यांनी शिष्यांपुढे ठेवला आहे. शिष्याला गुणाकाराचा कंटाळा येऊ नये आणि उत्तर बरोबर आले हे त्याला गुरूला न विचारता कळावे, अशी दुहेरी सोय त्यात आहे. शिक्षक म्हणून मला महावीराचार्यांचा हा गुण फार मोठा वाटतो.

त्यांच्याच माळांमध्ये आणखी दोन आहेत. १२३४५६७९ × ९ = १११११११११, हे नऊ एक; ही आठ हा अंक गाळलेली संख्या आपल्याला पुन्हा भेटणार आहे. आणि दुसरी, १५२२०७ × ७३ = ११११११११, हे आठ एक. या दुसऱ्या माळेविषयी केशवापुरात बोलताना एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आपल्या हुबळी स्थानकाचा जो फलाट जगातील सर्वांत लांब म्हणून मार्च २०२३ मध्ये खुला झाला, त्याची लांबी १५०७ मीटर आहे. १५०७ ला १०१ ने गुणा, १५२२०७ येतात. म्हणजे महावीराचार्यांची माळ आपल्या फलाटाच्या लांबीने नेमकी भागली जाते! यात कोणताही संकेत नाही, निव्वळ योगायोग आहे. पण रेल्वेच्या शेजारी वाढलेल्या मुलांना तो लक्षात राहील आणि त्या निमित्ताने १५०७ = ११ × १३७ हे अवयवही.

रेल्वेचा विषय निघालाच आहे, तर आपल्या संख्येचे आधुनिक नावही एका रेल्वे स्थानकावरूनच आले आहे, ते सांगतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस झाला. शालेय शिक्षण ठाण्यास, महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२७ मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले, १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळील देवळालीला शाळेत शिकवत राहिले. पदव्युत्तर शिक्षण झालेले नव्हते. मुंबईपासून तीस मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवरील डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली, स्थानकावर त्यांना एका जातीच्या संख्यांचा अभ्यास करण्याची कल्पना सुचली. त्या संख्यांना त्यांनी 'डेम्लो संख्या' असेच नाव देऊन टाकले. १९३८ मध्ये त्यांचे टिपण 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात आले. पुढील वर्षी प्रा. के. आर. गुंजीकर यांच्यासमवेत लिहिलेला या संख्यांच्या उपपत्तीवरील लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गुंजीकर हे आडनाव ऐकले की लोंढा-खानापूर मार्गावरील गुंजी स्थानक आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे येईल. १९४८ मध्ये कापरेकरांनी देवळालीहून डेम्लो संख्यांवर स्वतंत्र पुस्तिकाही काढली.

डेम्लो संख्या म्हणजे काय? संख्येचे तीन तुकडे करावेत. मधला तुकडा एकाच अंकाचा बनलेला असावा, आणि डाव्या व उजव्या तुकड्यांची बेरीज केली असता तोच अंक पुन्हा पुन्हा यावा. १६५ घ्या : डावीकडे १, उजवीकडे ५, बेरीज ६, आणि मध्ये ६ आहेच. २५५३ घ्या : २ आणि ३ मिळून ५, मध्ये ५५. आता आपली संख्या याच रीतीने तोडू. डावा तुकडा १२३४५६७८, मध्ये ९, उजवा तुकडा ८७६५४३२१. डावा-उजवा मिळवा : ९९९९९९९९. आठ नवे आणि मध्ये नववा नऊ. १२१, १२३२१, १२३४३२१ या सर्व याच कुळातील आहेत. १२३ आणि ३२१ मिळून ४४४ होतात आणि मध्ये ४ असतो. या एकांच्या वर्गांना कापरेकर 'अद्भुत डेम्लो संख्या' म्हणत.

आता बिघाडाकडे येतो. नऊपर्यंतचा फळा भरला की वर्गातील एखादा मुलगा हमखास विचारतो, "सर, दहा एक घेतले तर?" या प्रश्नासाठीच मी तो तास घेत असे. जो हा प्रश्न विचारतो, त्याला गणित कळू लागले आहे असे खुशाल समजावे. दहा एकांच्या वर्गात मधल्या रकान्यात दहा एक साचतात. दहा एका घरात मावत नाहीत. तेथे शून्य राहते आणि हातचा एक डावीकडच्या नवावर जातो. नवाचे दहा होतात. तेथेही शून्य, आणि हातचा आठावर. आठाचे नऊ होतात आणि हातचा संपतो. उत्तर :

१२३४५६७९००९८७६५४३२१

डावीकडची चढण मोडली. सातानंतर आठ नाही, एकदम नऊ. उजवीकडची उतरण मात्र जशीच्या तशी. कारण हातचा डावीकडेच जातो, उजवीकडे कधीच येत नाही. नऊ उदाहरणांत खरा ठरलेला नियम दहाव्यात खोटा ठरतो, ही एवढी एक गोष्ट मुलांच्या मनात ठसली तरी सिद्धता कशासाठी हवी, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

पण गंमत अशी की, हा मोडलेला आकारच कापरेकरांच्या दुसऱ्या एका शोधाचे उदाहरण ठरतो. ४५ चा वर्ग २०२५; आणि २० + २५ = ४५. २९७ चा वर्ग ८८२०९; आणि ८८ + २०९ = २९७. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे मिळवल्यास मूळची संख्या परत मिळते, तिला आज जगभर 'कापरेकर संख्या' म्हणतात. दहा एकांच्या वर्गाचे दोन तुकडे करा : १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१. मिळवा. येतात ११११११११११, पुरे दहा एक. म्हणजे दहा एकांची संख्या ही कापरेकर संख्या आहे. तेच नऊ एकांच्या वर्गाबाबत करा : १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज नऊ एक येत नाही, नऊ नवे येतात.

हा फरक का पडावा? येथे क्षणभर सावकाश चालू या. एखाद्या संख्येला ९ ने भागल्यावर उरणारी बाकी तिच्या अंकांची बेरीज करून काढता येते, हे आपणांस ठाऊक आहे; कारण दहाला नवाने भागले असता एक उरतो. तसेच, दहा-दहा अंकांचे तुकडे पाडून मिळवले तर दहा नवांच्या संख्येने भागल्यावरची बाकी बदलत नाही. आता दहा नवांची संख्या म्हणजे दहा एकांची नऊपट. दहा एकांच्या अंकांची बेरीज दहा. म्हणून तिला ९ ने भागले की एक उरतो. ती संख्या 'नवाची काही पट अधिक एक' अशी आहे. तिला तिनेच गुणले की 'नऊपटीच्या काही पटी अधिक ती स्वतः' असे रूप मिळते. बाकी स्वतःच. तुकड्यांच्या बेरजेत ती स्वतः परत येते ती यामुळे. नऊ एकांच्या अंकांची बेरीज मात्र नऊ. ९ ने भागल्यास बाकी शून्य. म्हणून तेथे वर्ग नऊ नवांनी निःशेष भागला जातो आणि तुकड्यांची बेरीज नऊ नवे एवढी येते. अवघ्या एका एकाने घर बदलते.

आणि तो हरवलेला आठ? तो ८१ च्या घरी सापडतो. दशांश चिन्हापुढे एक, एक, एक असे अनंत काळ लिहीत गेले तर ती किंमत एक-नवमांश. तिचा वर्ग एक-एक्याऐंशांश. एकाला ८१ ने भागून पाहा : ०.०१२३४५६७९०१२३४५६७९०१२… असा आवर्ती दशांश अपूर्णांक येतो, आणि त्यात आठ कधीच येत नाही. अनंत एकांच्या गुणाकारात रकान्यांची नोंद एक, दोन, तीन अशी चढतच जाते, उतरण येतच नाही. दहावर पोचले की हातचा नवावर, तेथून आठावर. आठाचा नऊ होतो. महावीराचार्यांच्या माळेतील १२३४५६७९ ही आठ गाळलेली संख्या आणि एक-एक्याऐंशांशातील हा आवर्त, एकाच हातच्याची दोन रूपे होत.

आता आपल्या संख्येची आतली घडण पाहू. नऊ एक म्हणजे १११ × १००१००१. यातील १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. शेवटची ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. खात्री करायची असेल त्याने ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावे. सुटीतले काम आहे. तेव्हा आपली सतरा अंकी संख्या म्हणजे तीनचा चतुर्थ घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. मूळ अवयव तीनच. त्यावरून तिचे एकूण विभाजक ५ × ३ × ३, म्हणजे ४५. पुन्हा तोच कापरेकरांचा पंचेचाळीस. पण याला मी योगायोगच म्हणेन.

तिच्या अंकांची बेरीज ८१ आहे, नवाचा वर्ग. आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, जो १२३४५६७९ चा वर्ग आहे. जी संख्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागली जाते, तिला कापरेकरांनी 'हर्षद', म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. आपली संख्या हर्षद आहे. मात्र तिच्या सर्व धाकट्या बहिणींना हे भाग्य लाभलेले नाही. १२१ च्या अंकांची बेरीज ४, आणि ४ ने भाग जात नाही. १२३४३२१ विषम आहे, तिला १६ ने भाग कसा जाणार? नऊ बहिणींत हर्षद तिघीच : १, १२३२१ आणि आपली ही थोरली.

येथवर ऐकून तुमच्यापैकी एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या, विशेषतः जो पुढे विद्यापीठात गणित शिकला त्याच्या, मनात एक शंका आली असेल. हे सारे खरे. पण हे गणित आहे की आकड्यांचा खेळ? शंका क्षुल्लक नाही. केंब्रिजचे थोर गणिती जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात अशाच दोन संख्यांचे उदाहरण घेतले. ८७१२ आणि ९८०१ याच काय त्या चार अंकी संख्या अशा आहेत की, उलट्या लिहिल्या असता जी येते तिच्या त्या पटीत असतात. पहिली चौपट, दुसरी नऊपट. गणित्याला यात रस वाटावा असे काही नाही, असा त्यांचा अभिप्राय. कापरेकरांच्या वाट्यालाही आयुष्यातील बराच काळ हाच अभिप्राय आला. एका शाळामास्तराचा नाद, एवढीच त्याची संभावना होई. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिले आणि त्यानंतर जगाने दखल घेतली. ६१७४ हा आज 'कापरेकर स्थिरांक' म्हणून शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे.

या आक्षेपाला असेही रूप देता येते : हे गुण संख्येचे नाहीत, तिच्या वेशाचे आहेत. आपण दहाच्या पायावर लिहितो म्हणून ते दिसतात. माणसाला आठ बोटे असती तर? आक्षेपाची परीक्षा घेऊ. आठाच्या पायावर लिहिताना अंक शून्य ते सात एवढेच. तेथे सात एक लिहा आणि वर्ग करा. रकान्यांत एक ते सात साचतात, हातचा येत नाही, आणि वर्ग १२३४५६७६५४३२१ असा दिसतो. तीच चढण, तीच उतरण! आपल्या दशमान पद्धतीत सात एकांची ती संख्या २९९५९३ होते आणि तिचा वर्ग ८९७५५९६५६४९. या अकरा अंकांत कोणाला माळ दिसेल? वेश बदलला आणि ओळख बुजली. आक्षेप इतपत खरा.

पण पुढे पाहा. आठाच्या पायावर तिच्या अंकांची बेरीज ४९, आणि ८९७५५९६५६४९ ला ४९ ने निःशेष भाग जातो. तेथेही ती हर्षद आहे. हा योगायोग नव्हे. कोणताही पाया घ्या. पायापेक्षा एकाने कमी इतके एक लिहून वर्ग केला तर माळ दिसणारच, आणि ती त्या पायावर हर्षद असणारच. कारण पायाला पाया उणे एकने भागले की एक उरतो, म्हणून एकांच्या त्या ओळीला पाया उणे एकने नेमका भाग जातो. तेव्हा माळ आणि हर्षदपणा हे वेशाचे गुण असले तरी ते सर्व वेशांत लागू पडणाऱ्या एका नियमातून येतात. ३७ आणि ३३३६६७ हे अवयव मात्र केवळ दहाच्या पायावरच्या ओळीचे. आठाच्या पायावर त्यांच्या जागी ७, १२७ आणि ३३७ येतात. ४५ विभाजक आणि पूर्ण वर्ग असणे हे आपल्या संख्येचे गुण कोणत्याही लेखनपद्धतीत अबाधित. माझ्या मते हार्डींचा निकष योग्य होता, पण खटला अर्ध्यावर सोडून त्यांनी निकाल दिला. अंकांच्या खेळातून नियम निघतो की नाही, हे खेळून पाहिल्यावाचून कळत नाही. आणि देवळालीच्या मास्तरांनी बत्तीस वर्षे नोकरी सांभाळून ते खेळून पाहिले.

यंत्राविषयी दोन शब्द. खिशातल्या साध्या गणकयंत्राच्या पडद्यावर ही संख्या मावत नाही. संगणकातील हिशेबाच्या तक्त्यात ती टंकलिखित केली तर पंधरा अंक राहतात आणि शेवटच्या दोन घरांत शून्ये येतात : १२३४५६७८९८७६५४३००. संगणकाच्या नेहमीच्या अपूर्णांकी मांडणीतही ९००७१९९२५४७४०९९२ च्या पुढे लगेचच्या टप्प्यात फक्त सम संख्याच बसतात. आपली विषम संख्या तेथे ३२१ ऐवजी ३२० ने संपते. कागद-पेन्सिलीने करणारा मुलगा मात्र शेवटचा एक बिनचूक लिहितो. अर्थात, नेमकी आज्ञावली लिहिली तर संगणक हजारो अंकही बिनचूक सांभाळतो.

जाता जाता तिच्या एका शेजारणीची ओळख करून देतो. दहा एकांच्या वर्गात हातच्याने घोटाळा केला, हे आपण पाहिले. समजा, कोणी हातचा न घेता मधल्या घरात सरळ '१०' असे दोन अंक लिहून ठेवले :

१२३४५६७८९१०९८७६५४३२१

पहिलीतल्या मुलाने लिहावी तशी ही वीस अंकी संख्या. आपली सतरा अंकी संख्या पूर्ण वर्ग आहे, तिला ४५ विभाजक आहेत. ही तिच्यासारखीच दिसणारी शेजारीण मात्र मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला विभाजक नाही. केवळ भागून पाहायचे म्हटले तर सुमारे ३५१ कोटींपर्यंतच्या भाजकांनी भागत बसावे लागेल. म्हणून यासाठी वेगळ्या कसोट्या आहेत.

नुसत्या एकांच्या ओळींचेही असेच आहे. दोन एक, म्हणजे ११, ही मूळ संख्या. त्यानंतर एकोणीस एकांपर्यंत एकही मूळ नाही. मग तेवीस एक. त्यापुढे थेट ३१७ एक, आणि नंतर १०३१. यापुढच्या ४९,०८१ एकांच्या ओळीची मूळ असल्याची सिद्धता २०२२ मध्ये पूर्ण झाली. अशा ओळी अनंत आहेत की कोठेतरी संपतात, या प्रश्नाचे उत्तर अद्याप कोणालाही देता आलेले नाही; प्रश्न मात्र सातवीतल्या मुलाला समजावून सांगता येतो.